फॉरमॅट मारण्याआधी

संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मॅडम, फॉरमॅट मारून टाकू." मशीन हळू चालतंय, फॉरमॅट. प्रिंटर ओळखत नाही, फॉरमॅट. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, फॉरमॅट. यात दुकानदाराचा दोष आहे असं मला वाटत नाही. नेमका बिघाड शोधत बसायचं तर अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक त्या अर्ध्या दिवसाचे पैसे देत नाही. सगळं पुसून नवं विंडोज टाकणं तास-दोन तासांचं काम आहे आणि मशीन हमखास चालू होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. फक्त त्या मशीनमध्ये काय आहे हे दुकानदाराला माहीत नसतं. ते घरच्यांनाच माहीत असायला हवं, आणि बऱ्याच घरांत त्यांनाही ते पूर्ण ठाऊक नसतं.

हा विषय आता पुष्कळ घरांत आला आहे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्षाची सवलत दिली आहे, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मुदत संपली म्हणून मशीन बंद पडत नाही. पण नव्या सापडणाऱ्या चोरवाटा कोणी बुजवणार नाही, आणि ज्या मशीनवरून आपण बँकेचं काम करतो, मुलांचे फॉर्म भरतो, त्यासाठी हे बरं नाही. म्हणून विंडोज ११ वर जायचं. जायच्या वाटा दोन. एक म्हणजे अपग्रेड, जुन्यावरच नवं चढवायचं. फायली, प्रोग्रॅम, सेटिंग जागच्या जागी राहतात. दुसरी म्हणजे क्लीन इन्स्टॉल, डिस्क पुसून पहिल्यापासून सुरुवात.

घरात शादी निघाली की रंगकाम काढतात, ते आठवा. काही घरांत सामान मधोमध सरकवून, वर जुनी चादर टाकून भिंती रंगवतात. काही घरांत सगळं बाहेर काढतात, घर रिकामं करतात आणि मग रंग देतात. पहिल्या तऱ्हेत काम लवकर होतं, पण कपाटामागची ओल तशीच राहते. दुसऱ्या तऱ्हेत भिंत स्वच्छ होते, पण बाहेर काढलेल्या सामानातलं काहीतरी परत आत येत नाही. आणि ते नेमकं काय होतं हे सहा महिन्यांनी कळतं.

आमच्याकडे दोन संगणक. घरातला २०१९ साली घेतलेला, आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, आणि दुसरा यांच्या चादरी-टॉवेलच्या दुकानातला, जवळपास त्याच काळातला. दोन्हींवर विंडोज ११ चालेल का, ते आधी पाहिलं. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो सरळ हो किंवा नाही सांगतो. प्रोसेसर बहुधा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, रॅम किमान चार जीबी, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. आमच्या घरच्या मशीननं आधी 'नाही' सांगितलं. टीपीएम होतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं. थोरल्यानं ते चालू केलं आणि 'नाही'चं 'हो' झालं. तेव्हा पहिल्या नकारावर मशीन भंगारात काढू नका.

थोरला अकरावी सायन्सला आहे. त्याचं मत ठरलेलं होतं, "अम्मी, क्लीन इन्स्टॉल. सगळा कचरा निघून जाईल." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सहा वर्षांत त्या मशीनवर काय काय बसलं होतं! मुदत संपलेला अँटिव्हायरस, कुठल्या तरी फॉर्मसाठी टाकलेलं जुनं जावा, तीन वेगवेगळे पीडीएफ वाचक, धाकटीचे खेळ. शिवाय सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर बसून आलेला तो व्हायरस, जो फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. तो काढला होता, पण पूर्ण निघाला की नाही याची खात्री कोण देणार? अपग्रेडमध्ये हे सारं सामान नव्या विंडोजमध्ये जसंच्या तसं उतरतं. व्हायरसचा संशय असेल तर क्लीन इन्स्टॉलच करावं, यात मलाही शंका नाही.

एका बाबतीत मात्र मी त्याला थांबवलं. मशीन हळू चालण्याचं खापर तो विंडोजवर फोडत होता. आमच्या मशीनमध्ये फिरत्या चकतीची जुनी हार्डडिस्क होती. त्या डिस्कवर नवं विंडोज कितीही स्वच्छ टाकलं तरी चार महिन्यांत पुन्हा तीच गत. पैसे खर्च करायचेच तर ते एसएसडीवर करावेत, हे मला शाळेच्या ऑफिसातल्या मशीनवरून ठाऊक होतं.

शाळेचा विषय निघाला म्हणून सांगते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. आधी ज्या शाळेत होते तिथे एकदा ऑफिसचा संगणक फॉरमॅट केला. आलेल्या माणसानं रीतसर विचारलं, "सी में कुछ है क्या?" कुणीतरी सांगितलं, "नाही, आमचं सगळं डीमध्ये असतं." दोघंही आपापल्या परीनं खरंच बोलत होते. पण डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फायली सी ड्राइव्हमध्येच असतात. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डरही सीमध्येच. दहा वर्षांच्या उर्दूच्या प्रश्नपत्रिका डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात होत्या. यू-डायसची माहिती, पगाराचे तक्ते हे पोर्टलवर असल्यामुळे परत मिळालं. प्रश्नपत्रिका कुठल्याच पोर्टलवर नव्हत्या. त्या वर्षी आम्ही तिघी शिक्षिकांनी जुन्या छापील प्रती गोळा करून परत टाइप करायला घेतल्या, आणि सहामाहीच्या पुढे काही गेलो नाही.

घरच्या मशीनमध्ये अब्बांचं लेखन होतं. अब्बा म्हणजे माझे सासरे. उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्तीनंतर ते इनपेज शिकले आणि रोज फजरनंतर तासभर टाइप करायला बसू लागले. सोलापुरातला आमचा मोहल्ला, हातमागावर बसणारी घरं, त्यांच्या लहानपणी ऐकलेला मिलचा भोंगा, ७२ च्या दुष्काळात गावाकडून आलेली माणसं, शाळेला पहिली खोली कोणी दिली, कोणत्या उस्तादांनी किती वर्षं बिनपगारी शिकवलं, असं सगळं. अलीकडे त्यांची नजर अधू झाली आहे, काचबिंदू आहे. वाचायचं तर मी मोठ्यानं वाचून दाखवते. टाइप करणं तर संपलंच. म्हणजे त्या फायली गेल्या असत्या तर पुन्हा लिहिणारं कोणी नव्हतं.

इनपेजची माहिती असणाऱ्यांना पुढचं लगेच कळेल. इतरांसाठी थोडं सांगते. उर्दूची नस्तालीक लिपी संगणकावर आणणं सोपं काम नव्हतं. अक्षर शब्दात कुठे येतं त्यानुसार आकार बदलतं आणि शब्द तिरका खाली उतरत जातो. म्हणून उर्दू वृत्तपत्रं कितीतरी वर्षं कातिबांच्या हातानंच लिहिली जात. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून नूरी नस्तालीक तयार झाला. जोडाक्षरांसारखे हजारो तयार आकार त्यात भरले होते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे, भारतातच, इनपेज तयार झालं आणि पत्रिकेपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळं उर्दू त्यावर छापलं जाऊ लागलं. पण जुन्या इनपेजनं अक्षरं साठवायची पद्धत स्वतःची ठेवली, युनिकोडची नाही. त्याची फाइल इनपेजमध्येच उघडते. वर्डमध्ये उघडायला गेलात तर निव्वळ चिन्हांचा काला दिसतो. म्हणजे नुसत्या फायली वाचवून भागत नाही, त्या वाचणारा प्रोग्रॅमही वाचवावा लागतो. अब्बांच्या इनपेजची सीडी मिळाली, बिस्किटांच्या जुन्या डब्यात. पण आता सीडी घालायची कुठे? घरच्या मशीनला सीडी ड्राइव्हच नाही.

थोरल्यानं बॅकअप घेतला होता. डी ड्राइव्ह, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सगळं बाहेरच्या डिस्कवर. मी म्हटलं, अब्बांच्या फायली दाखव. त्यात एकही नव्हती. अब्बांना विचारलं, "अब्बा, फाइलां कहाँ रखते थे आप?" ते म्हणाले, "इनपेज में." आता यावर काय बोलणार! पण तेच उत्तर बरोबर निघालं. इनपेज उघडून 'ओपन' केलं की फायलींची यादी समोर येत होती, आणि ठिकाण दिसत होतं इनपेजचाच फोल्डर. बाहेरून तोच फोल्डर उघडला तर रिकामा.

मुलानं शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. जुन्या काळचे प्रोग्रॅम आपल्या फायली आपल्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवायचे. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ते चालत नाही. मग विंडोज काय करतं, तर त्या फायली गुपचूप 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्याच घरात ठेवलं. लपवलेल्या वस्तू दाखवण्याची सोय चालू करून, फोल्डरच्या नावानं न शोधता फायलीच्या शेपटीनं, म्हणजे डॉट आयएनपीनं पूर्ण सी ड्राइव्ह धुंडाळला तेव्हा त्या सापडल्या. दोनशे बारा फायली. दुकानात फॉरमॅट मारायला दिलं असतं तर डी ड्राइव्ह सुखरूप परत आला असता आणि या दोनशे बारा गेल्या असत्या. कोणी चुकलंही नसतं.

मराठीचंही थोडंफार असंच. शाळांत, छापखान्यांत, पतसंस्थांत युनिकोडच्या आधीचं कितीतरी मराठी श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबीटीटी सुरेख असल्या फॉन्टमध्ये पडून आहे. या फायलींत खरं म्हणजे इंग्रजी कळांचीच अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख घालतो. फॉन्ट गेला की पोशाख गेला. आणि फॉन्ट राहतात सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात, जो क्लीन इन्स्टॉलमध्ये पुसला जातो. माझ्या बीएडच्या वेळच्या पाठ टाचणांच्या फायली कृतिदेवमधल्या आहेत. म्हणून फॉन्टचा पूर्ण फोल्डरच आम्ही उचलून बाजूला ठेवला. युनिकोडमध्ये लिहिलेल्यांना ही भीती नाही. त्यांना एवढंच जाणवेल की स्वच्छ टाकलेल्या विंडोज ११ मध्ये मंगल फॉन्ट सापडत नाही. सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी जोडली की तो येतो. तसंच उर्दू जोडलं की 'उर्दू टाइपसेटिंग' नावाचा नस्तालीक फॉन्ट येतो. दिसायला नूरीइतका देखणा नाही, असं माझं मत. पण वाचायला ठीक आहे.

शेवटी घरच्या मशीनचं असं केलं. नवी एसएसडी घेतली, दोनशे छप्पन्न जीबीची, मला दोन हजारांच्या आतबाहेर पडली. जुन्या हार्डडिस्कची वायर काढून ठेवली आणि एसएसडीवर क्लीन इन्स्टॉल केलं. वायर काढणं महत्त्वाचं, कारण विंडोज टाकताना "कोणत्या डिस्कवर?" असा प्रश्न येतो तेव्हा चुकायला दुसरी डिस्कच समोर नको. सगळं नीट झाल्यावर जुनी डिस्क परत जोडली. तिच्यावरचं काहीही पुसलेलं नाही. जुन्या वापरकर्त्याचं फोल्डर उघडताना विंडोज परवानगी विचारतं, ती दिली की झालं. मुलाला त्याचं स्वच्छ मशीन मिळालं आणि अब्बांच्या लेखनाला कोणी हात लावला नाही. इनपेज परत बसवायला शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह तासाभरासाठी मागून आणला. बसलं. नसतं बसलं तर जुनी डिस्क जोडून जुनंच विंडोज चालू करायची वाट मोकळी होती.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं शिरलात तर काही मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. त्याची अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जमा असते. ती वहीत उतरवून घ्या. मुलाच्या खात्यानं मशीन सुरू केलं आणि मुलगा शिकायला पुण्याला गेला, असं घराघरांत होणार आहे.

दुकानातल्या मशीनला मात्र आम्ही उलट न्याय लावला. तिथे बिलाचा प्रोग्रॅम आहे, एका ओळखीच्या मुलानं बनवून बसवलेला. तो मुलगा आता दमामला असतो. प्रोग्रॅम परत बसवायची फाइल कुणाकडे नाही, आणि मधल्या काळात त्यात सात वर्षांची उधारी चढली आहे. तिथे क्लीन इन्स्टॉलचा विचारच नको. बिलाच्या फोल्डरची प्रत काढली आणि सरळ अपग्रेड केलं. दोन-अडीच तास गेले. अपग्रेडमध्ये जुनं विंडोज एका फोल्डरात बांधून ठेवलेलं असतं आणि दहा दिवसांच्या आत मागे फिरता येतं. म्हणून हे काम शुक्रवारी, जुम्याला दुकान बंद असताना केलं आणि पुढचा आठवडा रोज बिलं काढून पाहिली. प्रिंटरनं एकदा आडमुठेपणा केला, बाकी काही नाही. मशीनमधली सगळी अडगळ तशीच आहे. असू दे. दुकानाचं मशीन बिल काढण्यासाठी आहे.

दोन्ही वेळा "क्रॅक टाकून देतो, पाचशे रुपये" असं सांगणारे भेटले. त्याची गरजच नव्हती. मूळ विंडोज १० रीतसर असेल तर ११ फुकट मिळतं, आणि त्याचा परवाना मशीनशी जोडलेला असल्यामुळे क्लीन इन्स्टॉलनंतरही इंटरनेट लागताच आपोआप चालू होतो. दुसऱ्याच्या मेहनतीचा माल असा घेणं जायज की नाजायज हा सवाल तर आहेच. पण ज्याला तोही पडत नाही त्यानं एवढं तरी पाहावं, की क्रॅकच्या फायलीबरोबर आणखी काय आत येतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता अब्बांच्या फायली युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण ते डोळे झाकून वापरता येत नाहीत. उर्दूत दाल, रे, वाव ही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडत नाहीत. त्यामुळे टाइप करताना शब्दानंतर जागा सोडली नाही तरी कागदावर शब्द सुटे दिसतात. अब्बांनी कितीतरी ठिकाणी जागा सोडलेलीच नाही. युनिकोडमध्ये आले की असे दोन-दोन, तीन-तीन शब्द एकच गणले जातात आणि शोधायला गेलं तर सापडत नाहीत. दोचश्मी हे आणि साधी हे यांचीही अदलाबदल झालेली दिसते. म्हणून आधी प्रत्येक फायलीची इनपेजमधूनच पीडीएफ केली, एक छापील प्रत काढली, आणि मग ओळीनं ओळ वाचत दुरुस्ती. रविवारी दुपारी मी वाचते, अब्बा ऐकतात, धाकटी कीबोर्डवर बसते. तिला उर्दू टायपिंग येऊ लागलं आहे. फोनेटिक कीबोर्ड लावून दिला आहे, कळा लवकर सापडतात.

एकतीस फायली झाल्या आहेत. मागच्या रविवारी अब्बांनी मधेच थांबवलं. शाळेच्या पहिल्या खोलीची जागा ज्यांनी दिली असं लिहिलं होतं, त्यांनी नव्हे तर त्यांच्या बेवा बहिणीनं दिली होती, कागदावर भावाचं नाव होतं इतकंच. त्या फायलीला आता दोन पानं जोडायची आहेत.